कमावलेली बिअर आणि फुकटची बदनामी

आम्ही धावतो, आणि बिअरही पितो. पुढे जे लिहायचे आहे ते या दोहोंपैकी कशाच्याही विरोधात नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. आमचे भांडण आहे ते या दोन गोष्टींना एकमेकींशी बांधणाऱ्या एका क्रियापदाशी. 'कमावणे' हे ते क्रियापद. धावून बिअर 'कमावायची' ही भाषा शहरी मध्यमवर्गात आता इतकी रुळली आहे, की तिच्यात काही वावगे असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. आम्हालाही बरीच वर्षे आली नव्हती. ती आली कार्ल्याला.

चैत्रातला रविवार होता. पहाटे साडेपाचला कार्ले फाट्यावरून निघायचे, मळवलीवरून भाज्याच्या पायथ्याशी जाऊन परत यायचे आणि शेवटी वेहेरगावचा चढ घ्यायचा, अशी आम्हा पुणेकर धावकांची बारा-चौदा किलोमीटरची धाव ठरली होती. वेहेरगावच्या रस्त्याला लागलो तेव्हा समोर एकवीरेच्या यात्रेच्या पालख्या होत्या. उरण-पनवेलकडची कोळी-आगरी मंडळे बोरघाट चढून, दोन-तीन दिवस चालत आलेली. पुरुष, बायका, पोरे. कितीतरी जण अनवाणी. सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट आणि पाठीवर मंडळाचे नाव. आमच्याही अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट होते. त्यांवर लिहिले होते : 'विल रन फॉर बिअर'. त्यांच्या पायांना फोड होते, आमच्याही होते. देवीचे नाव सोडले तर दोन तांड्यांत फरक काय, असा प्रश्न त्या वेळी आम्हाला पडला नाही.

नऊ वाजता भाड्याच्या बंगल्याच्या हिरवळीवर बर्फाची पेटी उघडली. यात्रेच्या दिवसांत त्या परिसरात मद्यविक्रीवर बंदीचे आदेश निघतात. पण आमचे क्राफ्ट बिअरचे डबे पुण्याहून गाडीतून आलेले असल्यामुळे विक्रीचा प्रश्नच नव्हता. कोणत्या डब्यात कोणते हॉप्स, कोणाचा कडूपणा जिभेवर किती वेळ टिकतो, यावर विद्वत्तापूर्ण चर्चा झाली. खालून ढोलताशांचा आवाज आला, तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "यांची भक्ती म्हणजे कोंबडं नि बाटली." बोलणाऱ्याच्या हातात तिसरा डबा होता. सगळे हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

त्या हसण्याचा हिशेब आता मांडायचा आहे. आणि हिशेबाचीच भाषा प्रतिष्ठित झाली असल्यामुळे आकड्यांपासूनच सुरुवात करू. पाच टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १५० किलोकॅलरी असतात. साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर धावला की साधारण ६० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे एक डबा अडीच किलोमीटरला पडतो. या दराने अर्धमॅरेथॉन पुरी करणाऱ्याच्या खात्यात आठ डबे जमा व्हायला हवेत! आठ डबे कोणी पीत नाही, हे खरे. पण मग हिशेबाचे हे सोंग कशासाठी? शरीराला ही वहीखात्याची भाषा कळत नाही. यकृत धावण्याची पावती तपासून मद्यार्काला सूट देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की मद्याचे आरोग्याला निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा कमावलेली बिअर आणि न कमावलेली बिअर यांत वैद्यकीय फरक शून्य आहे. फरक आहे तो नैतिक. आणि तोही पिणाऱ्याच्याच मनाने मंजूर केलेला. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणणारी आपली म्हण निदान स्वतःवर हसते. कमावलेल्या बिअरला हसू येत नाही. ती गंभीरपणे घड्याळाकडे पाहते आणि किलोमीटर मोजते.

धावणे आणि बिअर यांची जोडी नवी नाही. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये काही ब्रिटिश मंडळींनी 'हॅश हाउस हॅरियर्स' हा गट सुरू केला. पुढे धावणाऱ्याने कागदाचे कपटे टाकत जायचे, मागच्यांनी माग काढायचा आणि शेवटी बिअर प्यायची, असा तो खेळ. वसाहतीच्या क्लबांत गोऱ्या साहेबांची करमणूक म्हणून तो जन्मला, हे विसरण्याचे कारण नाही. पण १९५० साली या मंडळींनी आपली उद्दिष्टे नोंदवली, तेव्हा चांगली तहान मिळवावी आणि ती बिअरने भागवावी असे त्यांनी मोकळेपणाने लिहून टाकले. बारकाईने पाहावे : ते तहान कमावत होते, बिअर नव्हे. तहान कमावणारा माणूस आपल्या सुखाची तीव्रता वाढवत असतो. बिअर कमावणारा माणूस आपल्या सुखाची परवानगी मागत असतो. पहिल्यात खेळ आहे, दुसऱ्यात प्रायश्चित्त. आमच्या हिरवळीवर धावणे हे आगाऊ भरलेला दंड झाले होते आणि बिअर हे त्या दंडाचे बक्षीस. असा दंड भरून घेतलेल्या सुखात धावण्याची मौजही उरत नाही आणि पिण्याचीही.

ही परवानगी कोणाला मागावी लागते? ज्याच्या शरीराला आठवडाभर काम नसते त्याला. डोक्यावर माशांची पाटी घेऊन बाजार गाठणारी बाई किंवा पहाटे होडी ढकलणारा पुरुष आपले श्रम ॲपवर नोंदवत नाही. श्रम त्यांच्याकडे मुबलक आहेत. नाही ती पावती. आणि पावती नसल्यामुळे त्यांचा घोट हे 'व्यसन' ठरते, आमचा घोट ही 'आवड'. तो 'ढोसतो', आम्ही 'आस्वाद घेतो'. त्याची 'दारू', आमची 'बिअर'. साहित्याच्या विद्यार्थ्यांना शब्दांची ही फाळणी वेगळी समजावून सांगायला नको.

या फाळणीतला सर्वांत लबाड शब्द म्हणजे 'क्राफ्ट'. तो उच्चारताना आम्ही ज्या डोंगराखाली बसलो होतो, त्या डोंगरात कारागिरी काय असते याचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा आहे. कार्ल्याचे चैत्यगृह एका राजाने खोदवून घेतलेले नाही. त्याचे खांब वेगवेगळ्या माणसांनी दान दिले. दात्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सिंहदत नावाचा गंधी आहे. आणि दार घडवणारा सामी नावाचा सुतार बापाच्या नावासह कोरलेला आहे. येथे कारागिराला नाव आहे. आता विचारावे, की आपल्याकडे हाताने मद्य करणाऱ्यांच्या नावांचे काय झाले?

त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत, म्हणजे एकवीरेचे भक्त जिथून चालत येतात नेमक्या त्याच प्रदेशात, ताडामाडाची माडी आणि मोहाच्या फुलांची दारू हे जुने कसब होते. उरण तर मोहाच्या दारूसाठी ओळखले जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती सरकारी ताब्यात गेली, ताडामाडावरचे कर जाचक झाले आणि भंडाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणी मांडली. एवढ्याने भागले नाही, म्हणून १८९२ मध्ये खास या दोन जिल्ह्यांवर नजर ठेवून मोहाच्या फुलांचाच कायदा झाला : जमिनीवर गळलेले फूल वेचून घरात साठवणे हाही गुन्हा ठरू लागला. पुढे स्वराज्यात १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्याच्याच चौकटीत महाराष्ट्रात आजही पिणाऱ्याला कागदोपत्री परवाना लागतो. सत्तर वर्षांत एका प्रदेशाचे कसब असे पायरीपायरीने 'हातभट्टी' या एका शिवीत जमा झाले. आणि मग तेच हाताने, थोडक्या प्रमाणात, स्थानिक चवीने मद्य करणे 'क्राफ्ट' हे इंग्रजी नाव धारण करून, परवाना आणि भांडवल घेऊन, शहरात परत आले. तेव्हा आम्हीच ते टाळ्या वाजवून उचलून धरले.

पुण्यात २००९ साली सुरू झालेल्या 'डूलाली' या मायक्रोब्रुअरीचे नाव या संदर्भात मोठे बोलके आहे. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहणारे गोरे सैनिक कंटाळून वेडेपिसे होत. त्यावरून 'डूलाली' हा 'वेडा' या अर्थाचा शब्द इंग्रजी बोलीत गेला. मराठी गावाचे नाव साहेबाच्या तोंडी बिघडले, वेडाचे नाव झाले, आणि बिघडलेल्या रूपातच परत येऊन आपल्या बिअरच्या ग्लासावर बसले. यात त्या मंडळींचा दोष नाही. नाव गमतीदार आहे आणि ते त्यांनी जाणूनबुजून घेतले आहे. पण देवळाली म्हणून जी गोष्ट आपल्याला गावठी वाटली असती, ती डूलाली म्हणून रुचते, हे आपल्या रुचीविषयी काही सांगते की नाही?

मराठी साहित्याला हे सोंग ओळखता आले नव्हते असे नाही. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'तला सुधाकर सर्वांच्या लक्षात आहे, सिंधू तर आहेच. पण आज आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते ते गडकऱ्यांचे 'आर्यमदिरामंडळ'. पिणे हे पिणे म्हणून कबूल करायचे नाही, त्याला मंडळ, उद्देश, शिस्त आणि उदात्त शब्द यांचा साज चढवायचा, या सुशिक्षितांच्या खोडीची इतकी निर्दय थट्टा मराठीत क्वचितच झाली असेल. आमचा रविवारचा गट हे आर्यमदिरामंडळच. फक्त त्याच्या सभासदांनी बूट घातले आहेत.

येथवर दोष दुसऱ्यांचा होता. आता आमचा. त्या रविवारनंतर काही आठवड्यांनी आम्ही विद्यार्थ्यांचे ललित निबंध तपासत होतो. एका विद्यार्थिनीने पहाटेची धाव आणि त्यानंतरची बिअर यांवर लिहिले होते. फळांचा गंध, फेसाचा थंडावा वगैरे. समासात आम्ही लिहिले : 'जिवंत तपशील.' त्याच गठ्ठ्यात उरणकडच्या एका विद्यार्थ्याचा निबंध होता. वडिलांबरोबर एकवीरेपर्यंत चालत आल्याची हकीकत. तिच्यात एक वाक्य असे होते, की पायऱ्या उतरल्यावर वडिलांनी झाडाखाली बसून पिशवीतली बाटली काढली, देवीच्या दिशेने चार थेंब शिंपडले आणि वर्षभरात पहिल्यांदा ते त्याच्याशी मोकळेपणाने बोलले. या वाक्याखाली लाल शाईने रेघ मारून आम्ही लिहिले होते : 'हा तपशील आवश्यक आहे का?' गठ्ठा परत देण्यापूर्वी दोन्ही शेरे शेजारी दिसले, म्हणून तो रविवार आठवला. अन्यथा आठवला नसता.

यावर आक्षेप येईल, की तुम्ही हातभट्टीचे उदात्तीकरण करीत आहात. नाही. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली; ती गरीब माणसे होती. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली 'आडवी' केली आहे आणि त्यामागे मोडलेल्या घरांचा अनुभव आहे. त्या बायकांना हॉप्सच्या गप्पा सांगण्याचा आगाऊपणा आम्ही करणार नाही. पण त्यांचा राग दारूवर आहे, तो आमच्या डब्यालाही तितकाच लागू आहे. आम्ही मात्र त्यांच्याच रागातले शब्द उसने घेऊन फक्त खालच्या रस्त्यावरच्या माणसांना लावतो. हरकत आहे ती या निवडीला. दारू वाईट म्हणायची तर दोघांची म्हणा. सुख म्हणायचे तर दोघांचे म्हणा. पायपीट केल्याने सुखाचा हक्क मिळतो असेच जर आपले तत्त्व असेल, तर बोरघाट चढून आलेल्या माणसाचे खाते आमच्यापेक्षा कितीतरी भरलेले आहे.

साहित्य शिकवणाऱ्यांकडे आणि शिकणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. धावा, आणि प्यायचे असेल तर प्या. पण एकाची पावती दुसऱ्याला जोडू नका. आणि लिहिताना, तपासताना, 'आवड' आणि 'व्यसन' यांपैकी कोणता शब्द कोणाच्या वाट्याला देतो आहोत ते एकदा थांबून पाहा.

त्या विद्यार्थ्याला बोलावून आम्ही शेरा मागे घेतला आणि ते वाक्य राहू दे असे सांगितले. त्याने मान डोलावली. सुधारलेला निबंध आला तेव्हा त्यात वडील झाडाखाली बसले होते, बोलतही होते, बाटली नव्हती.