हिरड्यांचा दाह व देहाचे निरोपे

‘वय झालें, आतां दांत पडावयाचेच!’ हें वाक्य आपल्या घराघरांतून इतक्या सहजपणें बोललें जातें कीं, त्यांतील सत्यासत्य पडताळून पाहण्याची कोणासच आवश्यकता भासत नाहीं. वस्तुतः दांत केवळ वयामुळें पडत नाहींत. पुष्कळदां ते हिरड्यांच्या जुनाट दाहामुळें पडतात. आणि या दाहांत जंतूंइतकाच आपल्या स्वतःच्या देहाचाही हात असतो, हें आम्हांस वाचकांच्या विशेष नजरेस आणावयाचें आहे.

दांत व हिरडी यांच्या सांध्यांत सूक्ष्म जंतूंचा चिकट थर बसतो. तो वेळच्या वेळीं निघाला नाहीं, म्हणजे तेथील पेशी धोका ओळखून रासायनिक निरोपे धाडतात. शास्त्रज्ञ त्यांस ‘सायटोकाइन’ म्हणतात. ‘इंटरल्यूकिन-१’ व ‘टीएनएफ-अल्फा’ हे त्यांतील प्रमुख होत. त्यांच्या हांकेसरशीं रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्षक पेशी धांवून येतात. हिरडी लाल होते, सुजते व घासतांना रक्त येतें. येथवर सारें देहाच्या हिताचेंच असतें. १९६५ सालीं डेन्मार्कमध्यें हराल्ड लो व त्यांचे सहकारी यांनीं केलेल्या प्रयोगांत १२ जणांनीं दांत घासणें थांबविलें. तीन आठवड्यांच्या आंत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हां घासूं लागतांच त्या पूर्ववत् झाल्या.

परंतु थर महिनोन्महिने तसाच राहिला, तर पुष्कळांच्या बाबतींत ही हांक थांबतच नाहीं. मग ‘रँक-एल’ नांवाचा निरोप्या हाड झिजविणाऱ्या पेशींस जागें करतो, आणि दांतास धरून ठेवणारें जबड्याचें हाड विरूं लागतें. चोरास हुसकून लावण्याच्या भरांत पहारेकऱ्यांनींच भिंत पाडावी, तशी ही स्थिति होय. गेलेलें हाड सहसा परत येत नाहीं.

या रोगाची पहिली खूण रक्त. पण ती खूणही कधीं कधीं झांकली जाते. भंडारा जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. तेथें बिडी वळण्याचा धंदा जुना, आणि तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा आज सर्रास खाल्ला जातो. बिडी ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतें, म्हणून तो निर्धास्त असतो. आंत हाडाची झीज मात्र चालूंच असते. खर्रा गालांत जेथें धरावा, तेथील हिरडी दांतावरून मागें सरते. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आली. पण सवय कायद्यानें एका दिवसांत सुटत नाहीं. सुशिक्षित घरांतील तरुणही या व्यसनापासून अलिप्त आहेत, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

एकत्र कुटुंबांत मधुमेह जडलेलें एखादें वडील माणूस बहुधा असतेंच. त्यांच्याकडे अधिक लक्ष पुरवावें. कारण मधुमेहानें हिरड्यांचा दाह बळावतो, आणि या दाहामुळें रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवणें कठीण होतें.

मग करावें काय? रक्त दिसलें म्हणून दांत घासणें सोडूं नये. मऊ ब्रशनें सकाळीं व निजण्यापूर्वीं दांत स्वच्छ करावेत. थर कडक होऊन त्याचें कीटण बनलें, तर तें घरीं निघत नाहीं; दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावें. कीटण काढल्यानें दांत सैल होतात, ही समजूत खोटी आहे; ते आधींच सैल झालेले असतात, कीटणानें तें केवळ झांकलेलें असतें. भंडाऱ्याच्या लोकांस नागपूरचें शासकीय दंत महाविद्यालय सुमारें ६० किलोमीटरांवर आहे.

सासूबाईंचे दांत हलूं लागल्यावर सुनेनें त्यांस मऊ भात कालवून द्यावा, यांत प्रेम आहेच. पण त्यांच्या चुळींत प्रथम रक्त दिसलें, त्याच आठवड्यांत त्यांस दंतवैद्याकडे नेलें, तर भात मऊ करण्याची वेळ पुष्कळदां टळेल.