खर्जाचें वाद्य आणि विद्यार्थी

मुलुंडहून एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव पदवीच्या दुसऱ्या वर्षास आहेत. कॉलेजांतील मित्रांनीं एक वाद्यवृंद काढला. त्यांत गिटार वाजविणारे तिघे निघाले, तेव्हां ह्यांच्या वांट्यास बेस गिटार आली. आतां वाद्य, ध्वनिवर्धक आणि इतर सरंजाम मिळून एक मोठी रक्कम हप्त्यानें उभी करण्याचा त्यांचा मनोदय आहे. वडिलांनीं साफ नकार दिला असून गेले पंधरा दिवस पितापुत्रांचें बोलणें बंद आहे. मुलाचें हें वेड खरें कीं चार दिवसांचें, हें आपणांस कळत नाहीं, आणि तें कळेपर्यंत घरांत शांतता राहील असेंही वाटत नाहीं, असें ह्या भगिनी लिहितात.

प्रथम वडिलांशीं दोन शब्द बोलतों. बेस गिटार म्हणजे केवळ गोंगाट, ही समजूत बरोबर नाहीं. पूर्वी पाश्चात्य वाद्यवृंदांत खालचे स्वर माणसाहून उंच अशा डबल बेसकडे असत. १९५१ सालीं लिओ फेंडर यांनीं कॅलिफोर्नियांत विजेवर चालणारी 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली. दांडीवरील पडद्यांमुळें स्वर नेमका लागतो, म्हणून तें नांव. आपल्या हिंदी चित्रपटसंगीतांतही तिनें लवकरच घर केलें; राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत टोनी वाझ हे ती वाजवीत. आणि आज जगभर जिचें नांव घेतलें जातें ती बेस-वादक मोहिनी डे हिचा जन्म १९९६ सालचा, आणि ती ह्याच मुंबईची. तबल्याच्या जोडींतून डग्गा काढून घ्यावा आणि मग ठेका ऐकावा. जें उणें वाटेल, तेंच ह्या वाद्याचें काम. ऐकणाऱ्याचें लक्ष त्याच्याकडे क्वचितच जातें, पण तें थांबलें तर सर्वांचाच पाय घसरतो. अशा कामास जो मुलगा आपण होऊन राजी होतो, त्याला उथळ म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा.

आतां चिरंजीवांशीं. आपला उत्साह मान्य, परंतु हप्ते मान्य नाहींत. माझा एक भाचा घाटकोपरास राहातो. त्यानें आरंभींच शंभर वॅटचा ध्वनिवर्धक घरीं आणला. तिसऱ्या दिवशीं खालच्या मजल्यावरून निरोप आला कीं, आजारी आजोबांना पलंग हादरल्यासारखा वाटतो. त्यांत अतिशयोक्ति नव्हती. बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदास सुमारें ४१ कंपनांचा, म्हणजे साध्या गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराच्याही एक सप्तक खालचा. असे खर्जाचे स्वर भिंतींस आणि लादीस जुमानीत नाहींत. आपल्या खोलींत बेताचा वाटणारा आवाज शेजाऱ्याच्या खोलींत नुसती धडधड होऊन पोंचतो. तो ध्वनिवर्धक पुढें दोन वर्षें पलंगाखालीं धूळ खात होता आणि शेवटीं निम्म्या किंमतीस गेला. भाच्याचे हप्ते मात्र पुरे भरावे लागले. त्यांतले शेवटचे चार त्याच्या आईनें भरले.

म्हणून आरंभीं थोडकेंच घ्यावें: चार तारांची एक साधी बेस, एक चांगली केबल, रुंद पट्टा, जाड अस्तराची पिशवी, मुठीएवढा हेडफोन-ॲम्प्लिफायर आणि हेडफोन. स्वर जुळविण्याचें साधन मोबाइलवर फुकट मिळतें. मोठा ध्वनिवर्धक विकत घेण्याचें कारणच नाहीं. उपनगरांत तालमीच्या खोल्या ताशी भाड्यानें मिळतात, आणि तेथें ड्रम व बेसचा ध्वनिवर्धक बहुधा तयार असतो. चौघांनीं भाडें वांटून घेतलें म्हणजे कोणावरच भार पडत नाहीं. मित्राच्या साध्या गिटारच्या ध्वनिवर्धकावर बेस मोठ्यानें वाजविण्याचा मोह मात्र टाळावा. त्याचा स्पीकर खर्जाच्या स्वरांनीं फाटण्याचा संभव असतो.

वाद्य जुनें घेतलें तरी चालेल, नव्हे, तेंच बरें. मात्र पारखून घ्यावें. तार पहिल्या पडद्यावर आणि दांडी जेथें धडास मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळीं दाबावी. मधोमध तार व पडदा यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसली तर दांडी ठीक आहे. किंचित् फरक असेल तर दांडीच्या पोटांतील गज फिरवून जाणकार तो काढतो. दांडीला पीळ पडला असेल तर तें वाद्य सोडून द्यावें. मग बाराव्या पडद्यावर तार एकदां नुसत्या स्पर्शानें व एकदां दाबून छेडावी. दोन्ही वेळां स्वर एकच यावयास हवा. प्रत्येक पडदा वाजवून पाहावा, आणि कळा फिरवितांना खरखर येते कीं काय तेंही ऐकावें. नेहमींच्या बेसच्या तारांची लांबी ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंचांची मिळते, आणि ती घेण्यांत कमीपणा नाहीं.

आपल्या दमट हवेंत तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें त्या पुसाव्या, आणि पिशवींत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या ठेवाव्या. पावसाळ्यांत पिशवीवर रेनकोट हवाच. गाडीचाही विचार करावा. वाद्य जवळजवळ चार फूट लांब, वजन चार किलोंच्या घरांत. सकाळच्या गर्दींत तें पाठीवर घेऊन डब्यांत शिरणें म्हणजे स्वतःस व दुसऱ्यास इजा करणें होय. तालीम दुपारची ठेवावी, गाडींत पिशवी पाठीवरून काढून पुढें उभी धरावी. अंधेरीस जावयाचें असेल तर मुलुंडहून घाटकोपरास उतरून मेट्रो घ्यावी. २०१४ सालीं ती सुरू झाल्यापासून दादरचा वळसा वांचला आहे.

अभ्यासासंबंधीं एकच नियम सांगतों. रोज चाळीस मिनिटें, घड्याळ लावून. त्यांतलीं पहिलीं दहा केवळ तालयंत्राबरोबर, सावकाश. रविवारीं सलग चार तास बडविण्यानें हात येत नाहीं, मनगट मात्र दुखूं लागतें. बोटांस फोड आल्यास एक दिवस विश्रांति घ्यावी. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा. गेलेली श्रवणशक्ति पुन्हां येत नाहीं. पवईच्या आय. आय. टी.चा 'मूड इंडिगो' डिसेंबरांत असतो, आणि त्याच्या तालमी नेमक्या पहिल्या सत्राच्या परीक्षेवर येऊन आदळतात. तेव्हां परीक्षेचें वेळापत्रक लागतांच तें मित्रांपुढें ठेवावें आणि तालमीचे दिवस त्यांतून उरतील तेवढेच धरावे. बेस वाजविणारे थोडे असतात. आपल्यावांचून त्यांचें अडतें, म्हणून आपला शब्द ते ऐकतील. पद्धतशीर शिकण्याची इच्छा असेल तर लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजाच्या 'रॉक ॲण्ड पॉप' परीक्षांत बेससाठीं आठवीपर्यंत श्रेणी आहेत. वडिलांस दाखविण्यास प्रमाणपत्रासारखी दुसरी वस्तु नाहीं.

राहिला भगिनींचा मूळ प्रश्न: वेड खरें कीं तात्पुरतें? तो वादानें सुटावयाचा नाहीं, त्याला मुदत द्यावी. ओळखीच्याकडून तीन महिन्यांसाठीं एखादें जुनें वाद्य उसनें आणावें. चिरंजीवांनीं रोजचीं चाळीस मिनिटें पाळावीं, आणि सत्र-परीक्षेंत गुण घसरूं देऊं नयेत. वडिलांनीं ह्या तीन महिन्यांत टोमणा मारूं नये. दोघांनींही शब्द पाळला तर वाद्याचे निम्मे पैसे वडिलांनीं द्यावे व निम्मे मुलानें शिकवण्या करून मिळवावे. मुलानें शब्द मोडला तर वाद्य ज्याचें त्याला परत जाईल, आणि घराचें नुकसान कांहींच होणार नाहीं.

मात्र एक विनंति. तीन महिने संपतील त्या दिवशीं वडिलांनीं दहा मिनिटें मुलाचा हेडफोन आपल्या कानांस लावून तो काय वाजवितो तें ऐकावें. मग निर्णय करावा. पंधरा दिवसांच्या अबोल्यानंतर बोलण्यास निमित्त हवें असतें. तें ह्या वाद्यानें मिळालें तर त्याची किंमत तेवढ्यानेंच वसूल झाली, असें मी समजेन.