विकास शुल्काचा हिशेब मागा

नव्या सोसायटीत राहायला आलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. फ्लॅटच्या कागदपत्रांची फाइल एकदा उघडा. काहींच्या खर्चाच्या तक्त्यात ‘डेव्हलपमेंट चार्जेस’ अशी ओळ सापडेल, बाकीच्यांच्या फ्लॅटच्या दरातच ती रक्कम धरलेली असेल. बांधकाम परवानगी घेताना बिल्डर हे विकास शुल्क महापालिकेत भरतो खरा, पण त्याचा भार शेवटी आपल्याच हप्त्यांवर येतो.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात १९९२ साली या शुल्कासाठी वेगळं प्रकरणच घातलं गेलं. रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दरावरून ते काढतात. दरापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती पुढची अट. हा पैसा स्वतंत्र लेखाशीर्षाखाली जमा करायचा आणि सार्वजनिक सुविधांसाठी, भागाच्या देखभाल-सुधारणेसाठी वापरायचा, असं कायदाच सांगतो.

पुणे महापालिकेत २०१७ साली अकरा आणि २०२१ साली आणखी तेवीस गावं आली. अशा नव्याने वाढलेल्या कुठल्याही भागात संध्याकाळी चक्कर मारा. पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधे विटा रचून मुलं क्रिकेट खेळत असतात. वॉचमन ओरडला की विटा उचलून दुसऱ्या विंगकडे पळतात. पन्नास पावलांवर पत्र्याचं कुंपण असतं, आत कमरेइतकं गाजरगवत. ती जागा आराखड्यात मैदानासाठी राखीव असते, आणि त्या मुलांना ते कुणी सांगितलेलंही नसतं.

क्लब हाउस आणि स्विमिंग पूल ही सोसायटीची आपली सोय झाली. शाळा, दवाखाना, भाजी मंडई, वाचनालय यांची भरपाई त्यातून होत नाही. शिवाय आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांनाही मैदान लागतंच की!

थांबून चालणार नाही, याचं कारण नगररचना कायद्याचं कलम १२७. विकास आराखडा अंतिम झाल्यावर दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मग तिथे इमारत उभी राहिली की मैदान कायमचं गेलं. पैसा वेळेवर त्या कामी लागला पाहिजे, तो यासाठी.

म्हणून माहिती अधिकारात अर्ज करा. तो सोसायटीच्या लेटरहेडवर नको, एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. आपल्याकडच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, त्यामुळे तक्रारींचा पाढा वाचू नका. गेल्या पाच वर्षांत आपल्या भागातून विकास शुल्क किती जमा झालं, त्यातलं कोणत्या कामावर किती खर्च झालं आणि ३१ मार्चला शिल्लक किती होती, एवढंच विचारा. जमेची नोंद बांधकाम परवानगी विभागाकडे, तर खर्चाची लेखा विभागाकडे असण्याची शक्यता जास्त. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. खचून जाऊ नका, पहिल्या उत्तरात बरेचदा काहीच हाती लागत नाही.

सोबत विकास आराखड्याचा नकाशा घ्या आणि आपल्या सोसायटीभोवतीची आरक्षणं लाल पेन्सिलीने रंगवा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तो अर्ज भरताना ‘मैदान हवं’ इतकंच लिहू नका. आरक्षणाचा क्रमांक लिहा, जमा शुल्काचा आकडा लिहा आणि शेजारच्या वस्तीतल्या चार पालकांच्याही सह्या घ्या. येत्या रविवारच्या सभेत पार्किंगच्या वादाआधी हा विषय घ्या.