पुतळ्यामागचे रान

ब्राझील देशातील रिओ दि जानेरो हे शहर समुद्र आणि डोंगर ह्यांच्या बेचक्यात वसले आहे. शहराच्या वस्तीतूनच कोर्कोवादो नावाचा ७१० मीटर उंचीचा सुळका वर उठला आहे. ‘कोर्कोवादो’ ह्या शब्दाचा अर्थ कुबड असलेला. ह्या कुबड्या डोंगराच्या माथ्यावर बाहू पसरून उभी असलेली येशू ख्रिस्ताची मूर्ती चित्रांमुळे साऱ्या जगाच्या परिचयाची झाली आहे. १२ ऑक्टोबर १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले. मूर्तीची उंची ३० मीटर, आणि खालचा चौथरा ८ मीटर उंच. तिच्या काँक्रीटच्या अंगावर संगजिऱ्याच्या मऊ दगडाचे लहान लहान त्रिकोणी तुकडे बसविलेले आहेत. हे तुकडे तयार करणाऱ्या स्त्रियांनी त्यांच्या मागच्या अंगास आपल्या जिवलगांची नावे लिहून ठेवली, असे सांगतात. ती नावे आता कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत.

शिखरावर जाण्यास आगगाडी आहे. ती १८८४ साली, म्हणजे मूर्तीच्याही पुष्कळ आधी, सुरू झाली. मूर्तीचे सामानही तिनेच वर नेले. मोटारींसाठी सडकही आहे. बहुतेक प्रवासी ह्या दोन मार्गांनी वर जातात, मूर्तीपुढे तिच्यासारखेच हात पसरून छायाचित्र काढवितात आणि उतरतात. त्यांना मूर्ती भेटते, पण डोंगर भेटत नाही. वृद्धांनी आणि लेकुरवाळ्यांनी आगगाडीनेच जावे. त्यात काही कमीपणा नाही. परंतु ज्याचे पाय धड आहेत, त्याने लाजे उद्यानापासून निघणारी पायवाट धरावी, आणि तीही जाणत्या वाटाड्याच्या सोबतीने.

ही चढण सुमारे दोन तासांची आहे आणि सोपी नाही. आरंभी ओढ्याचे पाणी सोबत करते. पुढे पायांखाली मुळांच्या पायऱ्या लागतात. हवा इतकी दमट, की अंगावरचा कपडा वाळत नाही. एका जागी तर उघड्या कातळाला लोखंडी साखळी ठोकलेली आहे. ती धरूनच वर जावे लागते. वाटेत एखादे ठिकाणी पिवळाधमक फणस झाडाच्या खोडाला लगडलेला दिसतो. कोकणातला मनुष्य तेथे असता, तर घर आठवून क्षणभर थबकला असता. त्याचे काही चुकले नसते. हे झाड पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात हिंदुस्थानातून ब्राझीलला नेले, आणि त्याचे तेथील ‘जाका’ हे नावही मल्याळम भाषेतील ‘चक्का’वरून आलेले आहे. पाहुणा तेथे इतका माजला, की तेथील मूळच्या झाडांना जागा उरावी म्हणून आता त्याला आवर घालावा लागतो.

ह्या रानात शिरणाऱ्याला ते अनादिकालापासून असेच उभे असावे असे वाटते. वाटाड्याची गरज लागते ती येथे. वाट दाखविणे, निसरड्यावर हात देणे आणि आडवाटेच्या चोरांपासून जपणे एवढेच त्याचे काम पुष्कळांना वाटते. ती समजूत अपुरी आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते सांगणे, हे त्याचे खरे काम होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या डोंगररांगेचा मोठा भाग कॉफीच्या मळ्यांसाठी बोडका केला गेला होता. झाडे गेली, माती धुपली, झरे आटले. १८४४ साली अवर्षण पडले तेव्हा, ज्या डोंगरांच्या पाण्यावर शहर जगत होते तेच कोरडे पडल्याचे लोकांच्या ध्यानी आले. मग सरकारने मळे ताब्यात घेतले, आणि १८६१ साली सम्राट दुसरा पेद्रो ह्याच्या राजवटीत रान पुन्हा लावण्याचा हुकूम निघाला. तिजुकाच्या भागातले काम मेजर आर्चेर ह्याच्याकडे आले. त्याच्या हाताखाली प्रारंभी सहा गुलाम होते. एलेउतेरिओ, कोन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया ही त्यांची नावे. उरल्यासुरल्या रानातून रोपे हुडकावी, ती पाठीवर वाहून आणावी, उतारावर खड्डे खणून लावावी, असे ते काम होते. पुढे आणखी माणसे आली. सुमारे पंचवीस वर्षांत मिळून लाखाच्या घरात झाडे लागली. काही रान मागाहून आपोआप वाढले. ब्राझीलमधील गुलामगिरी मात्र १८८८ साली संपली.

मूर्ती घडविणाऱ्या अभियंत्याचे व शिल्पकाराचे नाव प्रत्येक प्रवासपुस्तकात सापडते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या सावलीतून प्रवासी चालतो ती सावली निर्माण करणाऱ्यांत मारिया नावाची एक स्त्री होती, हे त्याला कोणी सांगत नसेल, तर त्या चढणीचे निम्मे मोल वाया गेले. मूर्ती नऊ वर्षांत उभी राहिली. रानाचे काम अजून पुरे झालेले नाही. झाडे आली तरी प्राणी आले नव्हते, आणि मोठ्या बिया रुजविणार कोण, हा प्रश्न उरला होता. म्हणून २०१० च्या सुमारास अगूती नावाचा, उंदरांच्या कुळातला पण मांजराएवढा प्राणी तेथे पुन्हा सोडण्यात आला. तो खाण्यासाठी बिया पुरून ठेवतो आणि त्यांतल्या काही विसरतो. विसरलेल्या बियांची झाडे होतात. २०१५ साली डरकाळ्या फोडणारी माकडेही परत आणली गेली.

शिखरावर पोहोचल्यावर पायी आलेला प्रवासीही गर्दीत मिसळतो. मूर्तीचे तोंड पूर्वेला, ग्वानाबारा उपसागराकडे आहे; साहजिकच सारी माणसे त्याच बाजूला दाटीने उभी असतात. चौथऱ्यास वळसा घालून मागे जाणारे थोडे. तेथे जाऊन पश्चिमेकडे पाहिले, म्हणजे डोंगरामागून डोंगर हिरवे दिसतात. त्यांच्याच पोटात कोठे तरी त्या सहाजणांनी लावलेले पहिले रोप होते.