वऱ्हाडचे ऊन आणि विमानाची धाव

वऱ्हाडच्या माणसाला हवामान निराळे शिकवावे लागत नाही. नवतपा सोसण्यात आणि मृगाची वाट पाहण्यात त्याचे आयुष्य जाते. मात्र १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचे पहिले प्रवासी विमान उतरले आणि आपल्या उन्हापावसाचा एक नवा हिशेब सुरू झाला. तो आपण समजून घ्यायला हवा.

ऊन म्हटले की आपल्याला उष्माघात आठवतो. वैमानिकाला आठवते ती विरळ हवा. तापली की हवा फुगते. ४५ अंशांत ती १५ अंशांतल्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने हलकी असते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो. बेलोरा समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरवर आहे. पण मे महिन्याच्या भर दुपारी तेथील हवा दीड हजार मीटर उंचीवर असावी तितकी पातळ होते. म्हणजे विमानाच्या लेखी बेलोरा चिखलदऱ्याच्याही वर जाऊन बसते, फक्त थंडावा तेवढा मिळत नाही!

मग विमानाला अधिक धावावे लागते. धावपट्टी आखताना ढोबळ नियम असा, की प्रमाण तापमानाच्या वरच्या प्रत्येक अंशाला लांबी एक टक्का आणि दर ३०० मीटर उंचीला सात टक्के वाढवावी. बँकेतल्या नोकरीने आकडे मांडायची खोड लावली, म्हणून मांडून पाहिले. समुद्रकाठी १५ अंशांत १००० मीटर पुरत असतील, तर अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४२ अंशांवर धरला तरी सुमारे १३८० मीटर लागतात. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटरची आहे. १९४३ साली बांधलेल्या अकोल्याच्या शिवणी विमानतळाची १४०० मीटरच्या आसपासची धावपट्टी वाढवावी, ही मागणी अनेक वर्षांची आहे. ती अमरावतीशी बरोबरी करण्याची हौस नव्हे. अकोल्याचे ऊनच ती मागते आहे.

२६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी औरंगाबादच्या चिकलठाण्याहून जवळजवळ भरलेले बोइंग विमान निघाले. धावपट्टी संपता संपता ते कसेबसे उचलले आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी नेणाऱ्या ट्रकला धडकले. ५५ माणसे गेली. चौकशीत वैमानिकांच्या उड्डाणपद्धतीवर आणि त्या रस्त्यावरची वाहतूक न थांबवण्यावर बोट ठेवले गेले. तो दोष उन्हाच्या माथी मारता येणार नाही. पण अशा दुपारी, माणसाची चूक पोटात घालायला हवेत जागा उरत नाही.

म्हणून तर विमानतळावर वारा, दृश्यता, ढग, तापमान आणि दाब यांची नोंद ठरावीक वेळाने, मोठ्या ठिकाणी दर अर्ध्या तासाला, होते. पुढच्या काही तासांचा अंदाज वेगळा दिला जातो. नागपूरहून रोज उपकरणे बांधलेले फुगे सोडून वरच्या हवेची खबर घेतली जाते. तरीही वळवाचे वावधान कोणत्या शिवारात केव्हा उठेल, हे घड्याळ लावून सांगता येत नाही. अंदाज शक्यता सांगतो, हमी देत नाही. निर्णय शेवटी माणसालाच घ्यावा लागतो.

नेमका हा निर्णय आपल्याला रुचत नाही. उड्डाण रद्द झाले की आपण काउंटरवर आवाज चढवतो. बुडणारे कर्ज वेळीच नाकारणाऱ्या अधिकाऱ्याचे कौतुक कोणी करत नाही, कारण बुडालेली रक्कम कोणाला दिसलेलीच नसते. न उडालेल्या विमानाचेही तसेच आहे.

तेव्हा पुढाऱ्यांना विमाने किती, एवढेच विचारू नये. हवा मोजणारी यंत्रे आणि ती वाचणारी शिकलेली माणसे आहेत का, उन्हाळ्यातली उड्डाणे सकाळच्या गारव्यात ठेवता येतील का, हेही विचारावे. आणि एखाद्या दिवशी ‘आज विमान नाही’ असे उत्तर मिळाले, तर बडनेऱ्याहून रेल्वे आहेच.