पडला कोण, पाडलं कोणी?

बालमित्रांनो, व्हीएलसी प्लेअरवर सिनेमा पाहता ना? फ्रान्समधल्या 'इकोल सेंत्राल पारी'च्या विद्यार्थ्यांनी त्याचं काम १९९६ साली सुरू केलं. अशा प्लेअरमध्ये एकाच वेळी अनेक 'थ्रेड' राबतात, बरं का! एक फाईल वाचतो, दुसरा आवाज उलगडतो, तिसरा चित्रं.

समजा, असा प्लेअर तुम्हीच लिहिलात आणि सिनेमा बंद करताच तो कोसळला. आता पाहायचा 'स्टॅक ट्रेस', म्हणजे कामांची चळत. आमच्या वरठीत लग्नाच्या पंगतीला ताटांची चळत रचतात, शेवटचं ताट सर्वांत वर. तसंच इथे हातातलं काम वर, ते ज्याने सांगितलं ते त्याखाली, त्यालाही सांगणारं आणखी खाली.

गंमत म्हणजे प्रत्येक थ्रेडची चळत निराळी! कोसळलेला दिसतो चित्रवाला. पण शेजारची चळत वाचा: आवराआवर करणाऱ्याने चित्राची जागाच काढून घेतलेली! (वर्गात रडतो एक, चिमटा काढणारा दुसराच, आम्हां शिक्षकांना हे नवं नाही.) म्हणून 'जीडीबी' या साधनाकडून सगळ्याच चळती मागवायच्या. आणि लगेच! कारण पुन्हा चालवलं तर कधी कधी कोसळतच नाही, सारा खेळ क्षणाचा.

दुरुस्ती मात्र छोटी. चित्रवाल्याला थांबायला सांगायचं, तो खरंच थांबेपर्यंत वाट पाहायची, मगच जागा आवरायची.