डायनामोवर मोबाईल?

ऊसतोड मजुरांच्या बऱ्याच कोप्यांत अजून वीज नाही, म्हणून सायकलच्या डायनामोवर मोबाईल चार्ज करावा असे काहीजण सुचवतात. होते तसे, पण वायर थेट जोडू नका. डायनामो ६ व्होल्ट, ३ वॅटचा, प्रवाह एसी. मोबाईलला ५ व्होल्ट डीसी लागतो. उताराला सायकल सुटली की व्होल्टेज चढते. मध्ये डायोडचा ब्रिज, कपॅसिटर अन् रेग्युलेटर हवाच. नोकियाने २०१० साली असा तयार संच काढला होता. बटनाचा फोन दोनेक तासांत भरेल. स्मार्टफोनला सात-आठ तास पायडल मारा! दिवसभर कोयता चालवलेल्या माणसाने हेही करायचे काय? आमच्या मते संचालक मंडळाने गाळप सुरू होण्याआधी टोळ्यांच्या तळावर विजेचा एक खांब अन् चार प्लग द्यावेत.